कोव शेठचं कार्ड

४ जुलै १९६१, बँकॉक

नवी वही काढली. जुनी अजून भरली नव्हती, पण मागच्या पानांवर बायकोने खारवलेल्या मुळ्याचं प्रमाण लिहून ठेवलं आहे आणि आता ती वही स्वयंपाकघरातून परत येईल असं वाटत नाही.

आज नव्या साहेबांनी विचारलं, "मिस्टर हेंग, तुम्ही नक्की काय करता?"

सत्तावीस वर्षं मी अल्बियन ओरिएंटल बँकेत कॉम्प्राडोर आहे. माझ्याआधी वडील होते, त्यांच्याआधी आजोबा. १८९४ साली बँकेने नदीकाठी दार उघडलं, तेव्हा आजोबा दाराच्या आतल्या बाजूला उभे होते. आजोबांपासून मोजलं तर पेंडल हे तेविसावे साहेब. तीन वर्षं राहतात, घामोळ्यांनी बेजार होतात, निरोपाच्या जेवणात रडतात आणि जहाजात बसतात. हा प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नव्हता.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "साहेब, आमचे चिनी व्यापारी तुम्हाला कळत नाहीत, त्यांना तुम्ही कळत नाही. मधे मी बसतो. मी 'द्या' म्हटलं की तुम्ही कर्ज देता. त्याने बुडवलं तर मी भरतो."

"कशातून भरता?"

"आमच्या घराचा कागद तुमच्या तिजोरीत आहे. आजोबांनी ठेवला तेव्हापासून."

"आणि द्या की नका देऊ, हे ठरवता कसं?"

"जेवायला जातो," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. छत्तिशीचा माणूस, केस आत्ताच विरळ. मला आवडला.

१९ जुलै

पेंडल साहेबांना एक कल्पना सुचली आहे. आपल्या तीनशे बारा गिऱ्हाइकांची माझ्या डोक्यात जी माहिती आहे, ती प्रत्येकाच्या नावाच्या एकेका कार्डावर उतरवायची. वय, मालमत्ता, तब्येत, घरची माणसं, सवयी आणि शेवटी माझं मत. "हे सगळं तुमच्या एकट्याकडे आहे, मिस्टर हेंग. तुम्हाला काही झालं तर?"

माझ्या तब्येतीची काळजी करणारा हा पहिलाच साहेब. मी ताबडतोब हो म्हटलं.

मला इंग्रजी बोललेलं कळतं, वाचता मात्र येत नाही. तेव्हा मी घरी सांगायचं आणि माझ्या मुलीने, विलाईने, इंग्रजीत टंकायचं असं ठरलं. साहेबांनी यंत्रही घरी पाठवलं. विलाई सत्तावीस वर्षांची आहे, नन लोकांच्या शाळेत शिकली, लग्नाचं नाव काढलं की दुसऱ्या खोलीत जाते. मुलगा असती तर माझ्यामागे खुर्ची तिचीच होती. आता जावई मिळाला तर त्याला बसवायचं, असा माझा विचार आहे. जावई कुठे आहे हा प्रश्न वेगळा.

विलाईची आई म्हणाली, "सगळं सांगून टाकलंत, तर तुमच्याजवळ काय उरेल हो?"

मी म्हटलं, "मी उरेन की."

"तेच विचारतेय," ती म्हणाली आणि मासे साफ करायला गेली.

२ ऑगस्ट

चाळीस कार्डं झाली. मी खुर्चीत डोळे मिटून बसतो आणि एकेक दुकान डोळ्यांसमोर आणतो.

आजोबा सांगायचे, शेठची वही बघू नये, वही त्याने आपल्यासाठीच लिहिलेली असते. न सांगता बरोब्बर जेवणाच्या वेळी जावं. गड्यांच्या ताटात तोच तांदूळ आहे का, जो शेठच्या ताटात आहे? बायकोच्या हातातलं हिरव्या दगडाचं कंकण जागेवर आहे की 'चकाकी करायला दिलंय'? शेठ बोलत असताना मोठा मुलगा कुणाकडे बघतो? तीनदा जेवलं की माणूस कळतो. या पद्धतीने आमच्या घराण्याने सदुसष्ट वर्षांत दोनदाच पदरचे भरले. पोटाचा घेर मात्र तिघांचाही वाढला.

आज सुक्या मासळीवाल्या ली शेठचं कार्ड सांगायला मला पाऊण तास लागला. त्याची पहिली आग, दुसरी आग, दुसऱ्या आगीच्या आधी दुकानातून हलवलेला माल, मेहुण्याशी अबोला, सगळं. विलाईने ऐकून घेतलं आणि चारच ओळी टंकल्या.

"एवढंच?"

"इंग्रजीत थोडक्यात होतं, बाबा."

काय भाषा आहे! म्हणूनच या लोकांनी अर्धं जग चालवलं. आपलं अर्धं आयुष्य प्रस्तावनेतच जातं.

२३ ऑगस्ट

एकशे तीस. विलाई अधूनमधून विचारते, "बाबा, हे साहेबांना कळायला हवं का?" मी तिला समजावलं की डॉक्टरपासून आणि बँकेपासून काही लपवू नये. ती हूं म्हणाली आणि टकटक करत राहिली.

१५ सप्टेंबर

सकाळी सुतार माझ्या खोलीची मापं घेऊन गेला. काचेची भिंत घालणार, लोखंडी कपाटं येणार. साहेब म्हणाले, "या जागेचा आणखी चांगला उपयोग करायचाय." सदुसष्ट वर्षं आम्ही त्याच काळ्या लाकडी बाकावर गिऱ्हाइकाला चहा दिला, आता कुठे बँकेला सुचलं. लंडनहून आलेल्या दोघांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि विचारलं, या खोलीच्या किल्ल्या एकूण किती? तीन, मी सांगितलं.

साहेबांनी मला चांदीच्या टोपणाचं पेन दिलं. बायको म्हणाली, "लिहिता येत नाही त्याला पेन, टकल्याला कंगवा." मला चिनी लिहिता येतं हे ती सोयीने विसरते. आत्ता लिहितोय ते त्याच पेनाने.

२८ ऑक्टोबर

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला आणि लग्नं सुरू झाली. विलाई मैत्रिणीच्या लग्नाला आठ दिवस चंथबुरीला गेली आहे. तीनशे अकरा कार्डं झाली, एकच राहिलं, कोव हुई लिमचं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आवडीचा घास माणूस शेवटी खातो, तसं.

दुपारी नदीपलीकडे त्याच्या भातगिरणीवर जेवायला गेलो. हुई लिम सहासष्टचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. मसाल्यात शिजवलेलं बदक होतं. गड्यांनाही तेच.

"आलास का पोट तपासायला?" तो म्हणाला.

"तुझं नाही, माझं."

"माझं तपासून काय करणार? गिरणी माझ्यापेक्षा धाकटीला जास्त कळते. मी फक्त दारात बसून शेठसारखा दिसतो."

धाकटी म्हणजे त्याची दुसरी बायको, बेचाळीसची. भात हातात घेऊन ओल किती ते सांगते. थोरल्या मुलाला घोड्यांच्या शर्यतीचा नाद आहे. दुसरा विहारात जाऊन बसला तो बाहेरच येत नाही. जेवताना हुई लिम खूप खोकला आणि रुमाल त्याने घडी करून चटकन मांडीखाली ठेवला. घडी करण्याआधी मला लाल दिसलं. धाकटीने माझ्याकडे बघितलं, मग बदकाचा आणखी एक तुकडा माझ्या वाडग्यात टाकला.

परतताना बँकेत गेलो. साहेब म्हणाले, मुलगी नसली तर नसली, तुम्ही सांगा, मीच लिहितो. मला आनंद झाला. माझ्या तोडक्यामोडक्या शब्दांत सगळं सांगितलं: गिरणी, बदक, धाकटी, घोडे, विहार, रुमाल. साहेब मन लावून लिहीत होते. दोन्ही बाजू भरल्या. "हे पहिलं खरं कार्ड आहे, मिस्टर हेंग," ते म्हणाले. मी म्हटलं, आणि माझं मत लिहा: द्यावं, मागेल तेवढं द्यावं, धाकटी आहे तोवर भीती नाही. साहेबांनी तेही लिहिलं, पण तोवर जागा उरली नव्हती. ते कडेला आडवं लिहिलं.

५ नोव्हेंबर

विलाई आली. कोवकाकांचं कार्ड मीच साहेबांना सांगितलं, असं मोठ्या फुशारकीने म्हटलं.

"काय काय सांगितलंत?"

"सगळं."

"रुमाल?"

तिला रुमालाचं आधीच माहीत होतं. धाकटी तिच्याशी बोलते म्हणे. विलाईने पेटीतून कपड्यांसाठी घेतलेलं रेशीम काढता काढता परत आत ठेवलं आणि पेटी बंद केली. जेवली नाही. प्रवासाने दमली असेल.

२२ नोव्हेंबर

कापणी सुरू झाली. दरवर्षी या सुमारास हुई लिम बँकेतून सहा लाख बाट उचलतो, भात घेतो, एप्रिलमधल्या सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या, आधी फेडतो. एकवीस वर्षं चालू आहे. मधे जपानी होते तेव्हाच काय तो खंड पडला.

आज बँकेने नाही म्हटलं. मला न विचारता. पत्र परस्पर गेलं.

२३ नोव्हेंबर

साहेबांकडे गेलो. ते माझ्यावर जराही रागावले नाहीत, उलट आभार मानले. "तुमच्या कार्डामुळे बँक मोठ्या नुकसानीतून वाचली. आजारी मालक, बिनकामाचे वारस."

"मी लिहायला सांगितलं होतं, द्यावं."

"हो, पण ते तुमचं मत. बाकीची वस्तुस्थिती आहे."

"मी जामीन आहे, साहेब. माझं घर आहे."

तेव्हा त्यांनी टेबलावरची टाचण्यांची डबी सरळ केली. म्हणाले, हे कर्ज एप्रिलपर्यंत चालेल, आणि जानेवारीपासून जामिनाची पद्धतच बदलते आहे. लंडनहून सविस्तर पत्र येईल, मग बोलू. बदल म्हणजे काय ते मी विचारलं नाही. कदाचित जामिनाची रक्कम वाढवणार असतील. त्याचा मी नंतर विचार करेन. आज मला हुई लिमखेरीज काही सुचत नाही.

२५ नोव्हेंबर

नदीपलीकडे गेलो. गिरणीच्या धक्क्याला भाताच्या सहा होड्या लागलेल्या. होडीवाले पैशासाठी खोळंबलेले. धाकटी त्यांना पेज वाढत होती. मला बघून म्हणाली, "या भावजी," आणि पुढच्या होडीकडे वळली.

हुई लिमने चहा केला. आमच्यात घरच्या माणसाला चहा एका हाताने ओततात. परका आला की दोन्ही हातांनी. आज त्याने माझ्या पेल्यात दोन्ही हातांनी चहा ओतला.

"साहेबाला माझा खोकला लंडनमधून ऐकू आला वाटतं," तो म्हणाला.

मी छत्री भिंतीला टेकवून ठेवली.

"रुमाल तीन माणसांनी पाहिलाय. मी, धाकटी आणि तू. धाकटी बँकेत जात नाही."

"मी तुझं भलंच लिहायला सांगितलं रे. द्यावं, मागेल तेवढं द्यावं."

"अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची. सत्तावीस वर्षं तू ती झाकून ठेवलीस, म्हणून तर तू कॉम्प्राडोर. आता उघडून दाखवलीस आणि वर म्हणतोस, बोटं छान आहेत." तो खोकला. या वेळी त्याने रुमाल लपवला नाही. "होड्या चार दिवस थांबतील. मग पलीकडच्या गिरणीला जातील. चहा घे, निवतोय."

मी चहा घेतला. मला लाज वाटली. परतीच्या होडीत बसल्यावर कळलं, छत्री तिथेच राहिली. परत जायचा धीर झाला नाही.

२६ नोव्हेंबर

विलाईला म्हटलं, बाकीच्या कार्डांत काय आहे ते मला वाचून दाखव. नकला तिच्याकडे आहेत. तिने गठ्ठा आणला, वरचं काढलं, वाचलं. नाव. पत्ता. किती वर्षांचा व्यवहार. मग एकच वाक्य: यांच्याविरुद्ध काही ऐकिवात नाही.

"ली शेठचं वाच."

नाव. पत्ता. किती वर्षांचा व्यवहार. यांच्याविरुद्ध काही ऐकिवात नाही.

"आगी कुठे आहेत?"

"नाहीत, बाबा. कुणाचंच काही नाही. तीनशे अकरा वेळा मी हेच लिहिलंय."

"इंग्रजीत थोडक्यात होतं म्हणालीस!"

"होतंच की."

मी ओरडलो. बापाचा शब्द फिरवतेस, साहेबाला फसवतेस, आमच्या तीन पिढ्यांत असं कुणी केलं नाही, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्ही ज्यांच्याकडे जेवलात त्यांनी ते तुम्हाला दाखवलं. साहेब त्यांच्याकडे जेवले नाहीत."

विलाईची आई दारात उभी होती. "मला इंग्रजी येत नाही," ती म्हणाली, "पण मला हे जुलैत कळलं होतं."

मला पोरीचा राग आला. मग हेवा वाटला. जिथे जेवलो तिथलं बाहेर सांगायचं नाही, हा आजोबांचा नियम मी तिला कधी शिकवला नव्हता. तिने तो कुठून उचलला? आणि मीच शिकवणारा, मीच हात दाखवून अवलक्षण करून बसलो.

होड्या आज धक्क्यावर आहेत. आणखी तीन दिवस.

२७ नोव्हेंबर

लंडनचं पत्र आलं. साहेबांनी स्वतः वाचून दाखवलं, सावकाश, मला कळेल असं. एक जानेवारीपासून कॉम्प्राडोरची जागा रद्द. बँक गिऱ्हाइकांशी थेट व्यवहार करील. 'आवश्यक ती माहिती आता बँकेच्या स्वतःच्या दप्तरात आहे.' हेंग घराण्याच्या सदुसष्ट वर्षांच्या सेवेबद्दल आभार. एक चांदीचं तबक. आणि घराचा कागद परत, कारण आता जामिनाची गरज नाही.

जुलैपासूनचं सगळं तेव्हा माझ्या ध्यानात आलं: कपाटं, काचेची भिंत, किल्ल्या किती ते विचारणारे दोघे. मीच रोज सकाळी उठून, डोळे मिटून, स्वतःच्या खुर्चीचा एकेक पाय कापून देत होतो.

साहेबांचे डोळे खरोखर ओले होते. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "तुमच्या मुलीला आम्ही नव्या खात्यात घेऊ. पगार चांगला आहे. फक्त ती कार्डं जरा त्रोटक आहेत, ती तिने नीट भरून द्यावीत. शेवटच्या कार्डासारखी."

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." तबक उलटसुलट करून बघितलं. "यात मासे चांगले राहतील."

विलाईला नोकरीचं सांगितलं. ती घराचा कागद टेबलावर उघडून वाचत बसली. आजोबांच्या अंगठ्याचा ठसा आहे त्यावर; मी आज पहिल्यांदा पाहिला. वडिलांनीही पाहिला नसेल. युद्धात जपान्यांनी साहेब लोकांना विद्यापीठात कोंडलं, तेव्हा वडील रोज सकाळी त्यांच्यासाठी पेज आणि खारवलेलं अंडं घेऊन जात. हा कागद मात्र त्यांनी कधी परत मागितला नाही.

२८ नोव्हेंबर

सकाळी विलाई म्हणाली, "बाबा, हा कागद मला द्या."

सोंगवात रस्त्यावर आपल्याच लोकांनी काढलेली एक बँक आहे, सहा-सात वर्षांपूर्वीची. तिथे हा कागद ठेवून कोवकाकांच्या भातासाठी ती जामीन राहणार. सहा लाख नाही, पण चार मिळतील, असं तिने विचारून ठेवलंय. कधी विचारलं? तर म्हणे चंथबुरीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी. रुमालाचं ऐकलं तेव्हाच तिने पुढचं सगळं ओळखलं होतं.

मी म्हटलं, बाईमाणसाला कुणी जामीन घेत नाही. म्हटलं, हे राहतं घर आहे, तुझ्या आईला या वयात कुठे नेऊ? म्हटलं, हुई लिम वर्षभर तरी काढेल का याची खात्री नाही. हे सगळं खरं होतं आणि मला भीती वाटत होती.

"कोवकाकांकडे गड्यांच्या ताटात कोणता तांदूळ असतो?" तिने विचारलं.

"घरातला."

"धाकट्या काकूंचं कंकण?"

"हातात."

"होडीवाले चार दिवस थांबले, ते कुणाच्या शब्दावर?"

"तिच्याच."

"मग तुमचं मत सांगा."

मी बायकोकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. भिंत तिची आहे, तिने चुना लावलाय, तिचीच मुलं त्या भिंतीला धरून चालायला शिकली. दोघं वारली, एक ही राहिली. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? जेवायला तुम्ही गेला होतात."

"द्यावं," मी म्हटलं.

विलाईने कागद घडी करून पिशवीत घातला आणि ट्राम पकडायला गेली.

२९ नोव्हेंबर

दुपारी धक्क्यावर गेलो, लांबूनच. होड्या रिकाम्या होत होत्या. गिरणीच्या धुराड्यातून धूर येत होता. आत गेलो नाही. धाकटीने बघितलं आणि एका गड्याच्या हाती छत्री पाठवली.

२ जानेवारी १९६२

काल सुट्टी होती. आज सकाळी नऊ वाजता तिन्ही किल्ल्या दिल्या. काळं बाक कुठे गेलं ते विचारलं नाही. वाईट वाटलं, लिहायला लाज कसली.

घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. आत पस्तीसेक माणसं. सुक्या मासळीवाला ली शेठ, दोरखंडवाले, औषधवाले, लाकडाच्या वखारीचे दोघे भाऊ. कोपऱ्यात खुर्चीवर हुई लिम. बायको चहा देऊन दमली होती आणि तोंडाने तसं सांगतही होती.

ली शेठ म्हणाला, "हेंगदादा, नव्या खिडकीवर जाऊन आलो. साहेब उठून हात मिळवतो. छान आहे. पण त्याच्यामागे कोण आहे?"

"बँक आहे."

"बँक आम्ही कधी पाहिली होती? आम्ही पैसे तुझ्याकडे ठेवत होतो. तुझ्या बापाकडे, त्याच्या बापाकडे. आता तू तिथे नाहीस, म्हणून विचारायला आलोय. तू सगळ्यांचं मत देतोस ना? मग या बँकेबद्दल तुझं मत सांग. ठेवू की काढू?"

सदुसष्ट वर्षं आम्ही बँकेला माणसांबद्दल सांगत आलो. माणसांना बँकेबद्दल सांगायची वेळ आज पहिल्यांदा आली. पस्तीस तोंडं माझ्याकडे लागली होती. मी 'काढा' म्हटलं असतं तर उद्या दुपारपर्यंत त्या नदीकाठच्या इमारतीत चौकीदार आणि पेंडल साहेब एवढेच उरले असते. क्षणभर तसं म्हणावंसं वाटलंही. पण मला खोटं मत देता येत नाही. तेवढी एकच विद्या मला येते. आणि बँक बुडवी नाही, हे मला ठाऊक आहे.

हुई लिम म्हणाला, "सांग की रे. कुणी कार्ड करत नाहीये."

मी म्हटलं, "पैसे ठेवायला बँक उत्तम आहे. एक बाट कुणाचा बुडणार नाही." मग थांबलो. "फक्त आजारी पडू नका."

कुणी हसलं नाही. हुई लिम खोकला, सगळ्यांसमोर, सावकाश, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. ली शेठने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एकेक जण उठून आपापल्या चपला शोधू लागला. जाताना औषधवाल्याने विलाईला विचारलं, "पोरी, ती सोंगवातची बँक किती वाजता उघडते?"

"साडेआठला, काका."

हुई लिम शेवटी उठला. बायकोने किटली त्याच्यापुढे धरली तर म्हणाला, "राहू दे वहिनी, मी ओततो." त्याने माझ्या पेल्यात चहा ओतला. एका हाताने. दुसरा हात काठीवर होता, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही.

८ जानेवारी

सकाळी डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. एकशे ऐंशी. मीठ बंद म्हणाला. विलाईच्या आईने मुळ्याच्या बरणीकडे असं बघितलं, जणू कुणी वारलं आहे.

दुपारी अल्बियन ओरिएंटल बँकेत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या बाहेरच्या बाजूने. माझं खातं बंद करायचं म्हणून सांगितलं. कारकुनाने आत बघितलं, पेंडल साहेब स्वतः बाहेर आले. गेल्या सहा दिवसांत त्यांचे केस आणखी विरळ झाल्यासारखे वाटले.

"मिस्टर हेंग, तुम्हीसुद्धा? काही तक्रार आहे का?"

"तक्रार नाही, साहेब. मला रक्तदाब आहे."

त्यांना कळलं नाही. ते मागे वळले, लोखंडी कपाटाचा कप्पा ओढला आणि बोटांनी भराभर कार्डं चाळत माझं नाव शोधू लागले. मी थांबलो. त्यांनी एकदा चाळली, मग पुन्हा पहिल्यापासून. माझं कार्ड त्यात नव्हतं. ते कुणी केलंच नव्हतं.